गुंतवळ वाचताना

संभाजीनगरहून बीडकडे जाताना पैठण तालुक्यात पाचोड लागतं. मोसंबीच्या बाजाराचं गाव, आजूबाजूला कपाशी. या पट्ट्यातल्या गावांच्या गल्ल्यांतून अजूनही एखादा सायकलवाला आरोळी देत जातो: 'केसावर फुगेऽऽ!' त्याला हवे असतात विंचरताना कंगव्यात अडकलेले केस. घरोघरी बायका ते बोटाभोवती गुंडाळून भिंतीच्या फटीत, खिडकीच्या गजामागे, नाहीतर प्लास्टिकच्या पिशवीत साठवून ठेवतात. पोराला फुगा मिळतो, पिशवी जरा जड असली तर स्टीलची वाटी. सायकलवाला गुंतवळाचं वजन करतो, पण त्याच्याकडे बघत नाही. बघायला हवं. बारीक, नाजूक केस का तुटतात याचं निम्मं उत्तर त्या गोळ्यातच असतं.

गुंतवळातले दहा-बारा केस पांढऱ्या कागदावर पसरा आणि उजेडात धरा. काही केसांच्या एका टोकाला बारीकशी पांढरट गाठ दिसेल. हे केस गळलेले. त्यांची वाढायची मुदत संपली, मुळाने त्यांना सोडलं. दिवसाला पन्नास ते शंभर केस असे जाणं हा शरीराचा नेहमीचा व्यवहार आहे, त्यासाठी रात्रीची झोप घालवू नये. पण काही केसांना गाठ नसते, आणि ते वेणीच्या मानाने आखूड असतात. हे मधूनच तुटलेले. 'माझे केस फार गळतात' असं सांगणाऱ्या अनेकींच्या कंगव्यात खरं तर या दुसऱ्या जातीची गर्दी असते. गळण्याचं कारण मुळाशी, शरीराच्या आत शोधायचं. तुटण्याचं कारण मात्र बाहेर, कंगवा, पाणी, साबण आणि उशी यांच्यात सापडतं. दोन्हींवर एकच औषध म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटल्यांचा मला मनापासून राग येतो.

आता बारीक केस म्हणजे किती बारीक? केसाची जाडी मायक्रॉनमध्ये मोजतात. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन. चांगला जाडसर केस 80 मायक्रॉनचा असतो, बारीक केस 50 चा. फरक किरकोळ वाटतो, पण ओढ सहन करायची ताकद ठरते ती छेदाच्या क्षेत्रफळावर, म्हणजे जाडीच्या वर्गावर. म्हणून 80 मायक्रॉनचा केस साधारण 100 ग्रॅम वजन पेलतो आणि 50 चा जेमतेम 40 ग्रॅम. वाकण्याला होणारा विरोध तर जाडीच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. तिथे बारीक केस जवळजवळ साडेसहापट मऊ ठरतो. हा साडेसहाचा आकडा लक्षात राहू द्या, पुढे लागेल.

तरीही त्याला दुबळा म्हणायची घाई नको. डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात. प्रत्येकी 40 ग्रॅम धरले तर बारीक केसांचं अख्खं डोकं कागदावर चार टन वजन उचलतं. 2020 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या जियानलुका रोशोली आणि जेम टासान यांनी दाढीच्या पात्याची धार इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासली. पोलाद केसापेक्षा पन्नासपट कठीण, आणि तरी दाढी करताना त्या धारेचे टवके उडालेले दिसले. केस पात्याला तिरका भिडला आणि पोलादात आधीच एखादी कमकुवत जागा असली, की केस पोलाद फोडतो.

मग हा बहाद्दर साध्या प्लास्टिकच्या कंगव्यापुढे का हार खातो?

याचं उत्तर शोधायला पैठणला जावं, त्याच तालुक्यात. पैठणीचं रेशीम आणि आपला केस, दोन्ही प्रथिनंच. किड्याने कोशासाठी सोडलेला रेशमाचा एक तंतू 10 ते 15 मायक्रॉनचा, म्हणजे आपल्या बारीकात बारीक केसाच्याही तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याएवढा. त्याच्यापासून काढलेला धागा पीळ, रंग, ताणा आणि कंगव्यासारख्या दातांच्या फणीचे हजारो ठोके सोसून पिढ्यान् पिढ्या टिकणारं वस्त्र होतो. तेव्हा नुसतं बारीक असणं हा काही गुन्हा नाही. एक मोठा फरक मात्र आहे. रेशमाचा तंतू बाहेरून गुळगुळीत असतो. केसाला खवले असतात.

हे खवले उघड्या डोळ्यांना दिसत नाहीत, पण बोटांना कळतात. गुंतवळातला एक लांब केस घ्या, अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरा आणि बोटं केसाच्या लांबीच्या दिशेने पुढेमागे चोळा. केस आपोआप एका बाजूला सरकायला लागेल, दरवेळी त्याच बाजूला, मुळाचं टोक पुढे करून. मला तरी हा प्रयोग कितीदाही केला तरी जादूसारखा वाटतो. त्याचं कारण असं: केसाच्या अंगावर खवल्यांचे पाच ते दहा थर असतात, आणि ते कौलारू छपरावरच्या कौलांसारखे एकावर एक, मोकळी कड टोकाकडे ठेवून बसवलेले असतात. मुळाकडून टोकाकडे हात फिरवला तर तो सुळकन जातो. उलट फिरवला तर प्रत्येक कड अडते. निरोगी केसावर या खवल्यांवर मेदाम्लाचा एक अतिपातळ थरही पक्का चिकटलेला असतो, 18-मिथाइल आयकोसॅनॉइक आम्लाचा. पाणी धरून ठेवायचं नाही आणि शेजारच्या केसावरून घसरायचं, ही दोन कामं तो करतो. ब्लीच आणि तिखट अल्कली तो थर काढून टाकतात, आणि केस एकदा त्वचेबाहेर आला की शरीर तो पुन्हा लावत नाही. बाहेर आलेल्या केसात एकही जिवंत पेशी नसते.

बारीक केसाचं दुर्दैव इथे दुप्पट होतं. खवल्यांच्या आवरणाची जाडी जाड आणि बारीक केसांत साधारण सारखीच, तीन-साडेतीन मायक्रॉन. म्हणून 80 मायक्रॉनच्या केसात हे आवरण छेदाचा सहावा हिस्सा व्यापतं, तर 50 मायक्रॉनच्या केसात चौथा. ओढ सोसायचं खरं काम आतल्या गाभ्याचं. बारीक केसाकडे आधीच माल कमी, त्यात मोठा वाटा वेष्टनात गेलेला.

खवल्यांची दिशा किती महत्त्वाची, हे केसांच्या व्यापाऱ्यांना पक्कं माहीत असतं. तिरुपतीला मुंडण होऊन निघालेले केस मुळं एकीकडे, टोकं दुसरीकडे अशा जुड्यांत राहतात. बाजारात त्यांना 'रेमी' म्हणतात आणि भाव चढा असतो. फुग्याच्या बदल्यात गोळा झालेल्या गुंतवळात मुळं-टोकं उलटसुलट असतात. अशा केसांचा विग केला तर खवल्यांत खवले अडकून त्याची गच्च गुठळी होईल. म्हणून कारखान्यात हे केस उलगडून, आम्लात बुडवून त्यांचे खवलेच उतरवतात आणि वर सिलिकॉनचा लेप देतात.

हीच अडकण्याची क्रिया जिवंत डोक्यावर टोकाला गेली की तिला आपल्याकडे जट म्हणतात. लोकरीचं कापड गरम पाण्यात चोळलं की आकसून घट्ट होतं, तोच प्रकार: खवले एकदिशा मार्गासारखं काम करतात, तंतू आत सरकतो पण मागे येत नाही. महाराष्ट्रात कित्येक बायकांना या गुंत्यापायी देवीला वाहिलं गेलं, मानेवर किलोकिलोचं ओझं वागवावं लागलं. पुण्यातल्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्या नंदिनी जाधव यांनी अशा शेकडो बायकांच्या जटा कापून त्यांना मोकळं केलं आहे. सूक्ष्मदर्शकाखाली त्या जटेत देवीचा कोप सापडत नाही. सापडतात ते एकमेकांत रुतलेले खवले आणि त्यांच्यात साचलेला मळ.

आता तो साडेसहाचा आकडा आठवा. बारीक केस सहज वाकतो, म्हणून तो शेजारच्या केसाभोवती सहज वळसा घालतो. वळसा पडला, खवले अडकले, की गाठीसारखी जागा तयार होते. अमेरिकेतले केसांचे जुने अभ्यासक क्लॅरेन्स रॉबिन्स यांनी 2006 च्या सुमारास विंचरताना केस नेमका कसा तुटतो हे तपासलं. सरळ ओढला जाऊन केस क्वचितच तुटतो. तो तुटतो गुंत्यात, जिथे एका केसावरून दुसरा काटकोनात वळलेला असतो आणि कंगवा दोघांना एकदम झटका देतो. त्या वळणावर ओढ, वाकणं आणि घासणं तिन्ही एकत्र येतात. चाळीस ग्रॅम पेलणाऱ्या केसाला तिथे त्याहून बरंच कमी पुरतं.

म्हणजे तुटण्याचं मूळ अशक्तपणात कमी आणि अडकण्यात जास्त आहे. केस सांभाळायचे म्हणजे त्यांना ताकद द्यायची, असं आपल्याला जाहिराती शिकवतात. मेलेल्या तंतूला ताकद कुठून देणार? त्याचं अडकणं तेवढं कमी करता येतं.

विंचरायचं कसं, यावर गणितही झालं आहे. हार्वर्डचे एल. महादेवन हे भारतीय वंशाचे गणिती-भौतिकशास्त्रज्ञ. आपल्या लहान मुलीचे केस विंचरताना त्यांना हा प्रश्न पडला होता. 2022 मध्ये त्यांनी थॉमस प्लंब-रेयेस आणि निकोलस चार्ल्स यांच्यासह गुंत्याचं साधंसोपं रूप घेतलं: एकमेकांभोवती पिळलेले दोन धागे आणि त्यांतून फिरणारा कंगव्याचा एकच दात. दात वरून खाली नेला तर पीळ पुढे ढकलला जाऊन खाली दाटत जातो, आणि शेवटी दात रुतून बसतो. मोकळ्या टोकाजवळून सुरुवात करून आखूड-आखूड हात मारले, आणि दरवेळी थोडं वर सरकलं, तर पीळ मोकळ्या टोकातून बाहेर पडतो. नातीचे केस खालून सोडवत वर येणाऱ्या आजीला समीकरण लागलं नाही, हे खरं. पण घाईत असलेली आई वरूनच कंगवा खेचते, आणि मुलगी ओरडते, तेव्हा दोघींपैकी भौतिकशास्त्र मुलीच्या बाजूने असतं.

गुंता होऊच द्यायचा नाही, याची जुनी तोड म्हणजे वेणी. केस एका दिशेने, एकमेकांना समांतर, जागच्या जागी राहतात. वाऱ्याने उडत नाहीत, पाठीवर घासत नाहीत. 1938 मध्ये इटलीतल्या पाँपेई शहराच्या अवशेषांत भारतीय घडणीची एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली; हे शहर इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हिअसच्या राखेखाली गाडलं गेलं होतं. तिच्याशी जुळणारी मूर्ती पुढे आपल्या भोकरदनच्या, म्हणजे प्राचीन भोगवर्धनच्या, उत्खननात मिळाली, आणि पाँपेईची मूर्तीही इकडचीच असावी असं पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकरांचं मत होतं. पाँपेईच्या मूर्तीच्या पाठीवर लांब, बारकाईने कोरलेली वेणी आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराला कोरावीशी वाटली इतकी ती वेणी त्या काळी महत्त्वाची होती.

वेणी घट्ट किती घालावी, हा मात्र वादाचा मुद्दा. शाळेतल्या दोन वेण्या कपाळाची कातडी ताणली जाईल इतक्या आवळल्या, तर पहिला बळी भांगाजवळच्या कोवळ्या केसांचा जातो. आणि वेणीच्या टोकाला साधं रबर लावू नये. रबर केसाला चिकटून धरतं आणि काढताना खवल्यांसकट ओढतं. जुनी सुती आगवळ, नाहीतर कापडाने मढवलेलं इलॅस्टिक कधीही बरं.

यानंतर पाणी. पाणी केसाचं काही बिघडवत असेल असं कुणाला वाटत नाही, पण ओला केस हा वेगळाच पदार्थ आहे. भिजल्यावर त्याची जाडी सुमारे 15 टक्क्यांनी वाढते, लांबी मात्र एक-दोन टक्केच. आतलं केराटिन नावाचं प्रथिन मळसूत्री आकाराचं असतं. 1930 च्या दशकात इंग्लंडमधल्या लीड्स इथे विल्यम अ‍ॅस्टबरी यांनी केसांवर आणि लोकरीवर क्ष-किरण टाकले, तेव्हा ताणलेल्या केसाचं चित्र न ताणलेल्यापेक्षा निराळं दिसलं. आत काहीतरी उलगडत होतं. ते काय, हे 1951 मध्ये लायनस पॉलिंग आणि रॉबर्ट कोरी यांनी सांगितलं: अल्फा हेलिक्स, प्रथिनाच्या साखळीचं मळसूत्र. त्याचे वेढे हायड्रोजन बंधांनी धरलेले असतात, आणि ओल्या केसात पाणी या बंधांच्या मध्ये घुसतं. म्हणून ओला केस 30 टक्क्यांपर्यंत ताणला जाऊन परत येऊ शकतो, त्यापलीकडे गेला तर कायमचा बिघडतो, आणि कोरड्यापेक्षा कमी ओढीने तुटतो. ओल्या केसांची वेणी घालून झोपलं की सकाळी लाटा पडलेल्या दिसतात, त्याही याच बंधांमुळे. पाणी उडून जाताना ते नव्या जागी जुळतात.

फुगणं आणि आकसणं हेच वारंवार झालं की खवल्यांच्या कडा उचलल्या जातात. कंबरेपर्यंत आलेल्या वेणीचं टोक पाच-सहा वर्षांचं असतं, कारण केस महिन्याला साधारण सेंटिमीटरभर वाढतो. आठवड्यातून दोनदा डोक्यावरून न्हाण, पाच वर्षं. टोकाने पाचशेहून जास्त वेळा हा फुगण्या-आकसण्याचा फेरा काढलेला असतो. टोकं फाटतात यात नवल नाही, इतके दिवस टिकतात याचंच आहे.

आपल्या भागात त्यात बोअरच्या पाण्याची भर. मराठवाड्याच्या काळ्या पाषाणातून, भेगाभेगांतून झिरपलेलं हे पाणी कॅल्शिअम आणि मॅग्नेशिअम घेऊन वर येतं. डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, बादलीच्या काठावर पांढरा थर बसतो. अंगाचा साबण याच पाण्यात केसाला लावला तर साबणातली मेदाम्लं कॅल्शिअमशी जुळून न विरघळणारा चिकट साका तयार होतो, आणि तो खवल्यांच्या कडांशी बसतो. जड पाण्याने केसाची ताकद कमी होते का, यावर झालेल्या अभ्यासांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. मला तो प्रश्न दुय्यम वाटतो. केस खरखरीत झाला, घर्षण वाढलं, की गुंता वाढणारच. उपाय फार खर्चाचा नाही: केसांना अंगाचा साबण लावायचा नाही, आणि शेवटचा एक तांब्या जारच्या किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्याचा घ्यायचा.

मोसंबीवाल्या शेतकऱ्याला जमिनीचा सामू, म्हणजे पीएच, विचारला तर तो चटकन सांगेल. केसालाही सामू असतो. केसाच्या पृष्ठभागाचा 3.67 च्या आसपास, टाळूच्या कातडीचा 5.5. त्याहून वरच्या सामूचं काही लावलं की केसावरचा ऋणभार वाढतो, केस एकमेकांना ढकलतात, फुरफुरतात, खवले उघडतात. ब्राझीलमधल्या संशोधकांनी 2014 मध्ये 123 शाम्पू तपासले तेव्हा निम्म्याहून अधिक शाम्पूंचा सामू 5.5 च्या वर निघाला. अंगाच्या साबणाचा तर नऊ-दहा असतो. शिकेकाई आणि रिठ्याचं पाणी फेसाळतं ते त्यांतल्या सॅपोनिनमुळे, आणि ते किंचित आम्लधर्मी असतं. फक्त ती पूड वस्त्रगाळ करून उकळून, गाळून घ्यावी. भरड पूड बारीक केसांत चोळणं म्हणजे खवल्यांवर वाळू घासणं. शेवटच्या तांब्यात लिंबाचे चार थेंब पिळायची जुनी रीतही रसायनाच्या बाजूची आहे. मोसंबीचं गाव असलं तरी इथे लिंबूच हवं. मोसंबीत आम्ल फार कमी.

कंडिशनर म्हणजे काही चैन नाही. त्यातल्या रेणूंवर धनभार असतो. जिथे केस जास्त झिजलेला, तिथे ऋणभार जास्त, आणि तिथेच हे रेणू जाऊन चिकटतात. दुखऱ्या जागा शोधण्याचं काम त्यांना कुणी सांगावं लागत नाही! बारीक केसाला ते मुळाशी लावलं तर केस चपटे पडतात, म्हणून खालच्या अर्ध्या भागालाच.

तेलाचा विषय मुद्दाम सावकाश घेतो, कारण इथे आपल्याकडचंच संशोधन जगभर उद्धृत होतं. मुंबईत मॅरिको कंपनीच्या संशोधन विभागातले आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी 2003 मध्ये 'जर्नल ऑफ कॉस्मेटिक सायन्स'मध्ये तीन तेलांची तुलना प्रसिद्ध केली: खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल. केस धुताना आणि विंचरताना त्यातून प्रथिन किती निघून जातं, हे मोजलं. ते निघून जाणं कमी केलं फक्त खोबरेलाने, चांगल्या केसांतही आणि खराब झालेल्या केसांतही, धुण्याआधी लावलं तरी आणि नंतर लावलं तरी. मॅरिको खोबरेल विकते, हे वाचकाने विसरू नये. मीही विसरलेलो नाही. पण 2001 मध्ये अमेरिकेतल्या प्रिन्स्टनच्या वस्त्रतंतू संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांबरोबर त्यांनी केसाचे छेद घेऊन दाखवलं होतं की खोबरेल केसाच्या आत शिरतं, खनिज तेल बाहेरच राहतं.

कारण रेणूच्या आकारात आहे. खोबरेलातलं निम्मं मेदाम्ल लॉरिक असतं: बारा कार्बनची आखूड, सरळ साखळी. प्रथिनाशी तिचं जुळतं, आणि ती फटीतून आत जाते. सूर्यफुलाच्या तेलातल्या साखळ्या अठरा कार्बनच्या आणि दुहेरी बंधांपाशी वाकलेल्या. खनिज तेलाला प्रथिनाची ओढच नाही. मराठवाड्याचं पिढीजात तेल करडईचं. त्यातही मुख्य मेदाम्ल सूर्यफुलासारखंच लिनोलिक आहे, म्हणून तर्क असा की तेही आत फारसं शिरत नसावं. नारळ इथे पिकत नाही, तरी खोबरेलाची निळी बाटली मराठवाड्यातल्या घराघरांत कशी पोचली याला जाहिरात कारणीभूत असेल, पण केसाच्या दृष्टीने ती चुकीच्या घरी गेली नाही. आत शिरलेलं तेल पाण्याला जागा देत नाही, केस कमी फुगतो, खवले कमी उचलले जातात. म्हणजे तेलाचा खरा मान न्हाण्याआधीचा. दिवाळीतल्या अभ्यंगात तेल आधी आणि पाणी नंतर, हा क्रम कुणी ठरवला कोण जाणे, पण योग्य ठरवला.

बारीक केसाला तेल थोडंच पुरतं. वाटीभर तेल थापलं की ते काढायला दोनदा शाम्पू लागतो, आणि कमावलेलं जातं. तळहातावर पाच-सहा थेंब, टोकांकडे जास्त, न्हाण्याआधी दोन-तीन तास किंवा आदल्या रात्री. थंडीत 24 अंशांखाली तेल थिजतं, तेव्हा बाटली उन्हात ठेवली की झालं, उकळायची गरज नाही. 'हलकं, चिकट नसलेलं' म्हणून विकल्या जाणाऱ्या सुगंधी तेलांच्या बाटलीमागची बारीक अक्षरं वाचा. पुष्कळदा पहिलंच नाव 'लाइट लिक्विड पॅराफिन' असतं. ते घर्षण कमी करतं, तेवढं श्रेय त्याला द्यावं. केस आतून भरून येतो वगैरे मानू नये. अंडं, दही, मेथीची पेस्ट यांनी केस मऊ लागतो, पण त्यांतली अखंड प्रथिनं केसात शिरायला फारच मोठी असतात.

पुसण्याबद्दल एकच: जाड टॉवेलने खसाखसा चोळू नये. जुना, धुऊन मऊ झालेला पंचा केसांना दाबून धरावा. लग्नसराईत पार्लरमध्ये सरळ केस करून घ्यायचे असतील तर ते आधी पूर्ण वाळलेले असू द्या. दोनशे अंशांची इस्त्री ओल्या केसावर फिरवली तर आतल्या पाण्याची वाफ होते आणि केसात बुडबुडे पडतात. सूक्ष्मदर्शकाखाली ते स्पष्ट दिसतात. 'केरेटिन' म्हणून मिळणाऱ्या उपचारांपैकी अनेकांत तापल्यावर फॉर्माल्डिहाइड सुटतं, तेव्हा दार-खिडक्या उघड्या असल्याची खात्री करा, नाहीतर सरळ नको म्हणा. आणि कापूस वेचायला जाताना बायका डोक्याला ओढणी-रुमाल गच्च बांधतात, ते उन्हासाठी असलं तरी केसांसाठीही उत्तम. अतिनील किरण केसातल्या गंधकाच्या बंधांना तोडतात.

हे सगळं झालं बाहेर आलेल्या केसाचं. तो मुळातच बारीक का निघाला, याचं उत्तर बरंचसं आनुवंशिक आहे. पण नेहमी नाही. केसाच्या मुळातल्या पेशी शरीरात सगळ्यात वेगाने विभागणाऱ्या पेशींपैकी आहेत, आणि शरीराला टंचाई भासली की पहिली काटछाट त्यांचीच होते. तीव्र प्रथिन-कुपोषण झालेल्या मुलांच्या केसावर फिकट आणि गडद पट्टे आळीपाळीने दिसतात. डॉक्टर त्याला झेंड्याची खूण म्हणतात. टंचाईच्या काळात बाहेर पडलेला केस फिकट आणि बारीक, चार घास मिळाले त्या काळातला पुन्हा काळा. महिन्याला सेंटिमीटर या हिशोबाने कोणत्या महिन्यात घरात काय शिजत होतं, ते केस सांगतो.

पाचोडचं नाव सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासकांना मोसंबीपेक्षा वेगळ्या कारणाने माहीत आहे. डॉ. अशोक दयालचंद यांनी उभी केलेली आरोग्य व्यवस्थापन संस्था गेली अनेक दशकं इथून काम करते, आणि तिच्या कामाचा मोठा भाग किशोरवयीन मुलींचा आहे: त्यांचं लग्नाचं वय, त्यांचं खाणं, त्यांच्या रक्तातलं लोह. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54 टक्के बायकांना रक्तक्षय होता. लोह कमी असलं तर केस गळणं वाढू शकतं, आणि प्रथिन कमी पडलं तर नवा केस कमी जाडीचा निघतो. अशा वेळी गुंतवळात पांढरी गाठ असलेले केस जास्त दिसतात. म्हणून आधी कागदावर केस पसरून बघायचे, मग ठरवायचं की खोबरेल आणायचं की रक्त तपासायचं. बहुतेक घरांत दोन्ही लागतं, आणि तपासणी सरकारी दवाखान्यात होते.

एक अडचण मात्र या सगळ्यात राहते. तेरा वर्षांच्या मुलीला लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, ताटात डाळ-उसळ-अंडं आलं, की मुळातून निघणारा केस सुधारतो. पण आधीचा बारीक भाग त्याच केसाच्या खालच्या टोकाला तसाच लटकत असतो. तो गाभ्याने भरून येत नाही आणि विंचरताना तुटत राहतो. गोळ्या घेऊन महिना झाला तरी वेणी तेवढीच आणि कंगव्यात केस तेवढेच, म्हणून मुली गोळ्या सोडून देतात. महिन्याभरात मुळाशी सेंटिमीटरभरच नवा केस आलेला असतो. तो खांद्यापर्यंत यायला दोन-अडीच वर्षं लागतात, आणि तोवर खालच्या जुन्या केसांना खालून वर, आखूड हातांनीच विंचरावं लागतं.